टोपोलॉजिकल इन्सुलेटर आणि ‘रोधाविना वीज’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत टोपोलॉजिकल इन्सुलेटर (आतून वीज रोखणारे, पण पृष्ठभागावरून ती वाहू देणारे) या पदार्थांवर पानभर लेख आला, त्याबद्दल आधी मनापासून आभार. कृष्णविवरं आणि अवकाशयानं यांना मराठी वर्तमानपत्रांत जागा मिळते. टेबलावर ठेवता येईल अशा स्फटिकाच्या आत काय चालतं, याला ती क्वचितच मिळते. म्हणूनच त्या लेखातलं एक वाक्य मला सोडून देववत नाही. ‘या पदार्थांच्या पृष्ठभागावरून वीज कोणत्याही रोधाविना वाहते’ असं ते वाक्य आहे. तेच शीर्षकात गेलं, तेच चौकटीत आलं, आणि न तापणारे मोबाइल, गळती नसलेल्या वीजवाहिन्या ही पुढची सगळी स्वप्नं त्यावरच उभी राहिली. ते वाक्य चुकीचं आहे.

मी कराडच्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. माझी पीएच.डी. बिस्मथ सेलेनाइड या अशाच एका पदार्थाच्या स्फटिकांवर झाली. हे स्फटिक वाढवायचे आणि अतिशीत तापमानाला त्यांतून वीज कशी वाहते ते मोजायचं, हेच माझं कित्येक वर्षांचं काम होतं. लेख छापून आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी तृतीय वर्षाच्या वर्गात एका मुलीनं विचारलं, “मॅडम, मग कोयनेची वीज मुंबईपर्यंत नेताना गळती होणारच नाही का?” प्रश्न अगदी योग्य होता. लेखावर विश्वास ठेवला तर दुसरा निष्कर्ष निघतच नाही. तिला वर्गात जे सांगितलं ते आपल्या वाचकांनाही सांगावं, म्हणून हे पत्र. ते जरा लांबलं आहे. विषयच तसा आहे.

या पदार्थांत खास आहे ते काय? आतून ते दुर्वाहक आहेत. म्हणजे इलेक्ट्रॉनांनी भरलेला ऊर्जेचा पट्टा (त्यांना घेता येणाऱ्या ऊर्जांची पातळी) आणि त्याच्या वरचा रिकामा पट्टा यांच्यामध्ये ऊर्जेची फट आहे. बिस्मथ सेलेनाइडमध्ये ही फट सुमारे ०.३ इलेक्ट्रॉन व्होल्टची आहे. आता बिस्मथचा अणू जड, त्याचा अणुअंक ८३. इतक्या जड अणूत इलेक्ट्रॉनाचा स्पिन (त्याचा चिमुकल्या चुंबकासारखा अंगभूत गुण) आणि त्याची गती यांची एकमेकांवरची पकड एवढी घट्ट असते, की फटीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांचा क्रम उलटा होतो. जे खाली असायला हवं ते वर जातं. स्फटिकाच्या बाहेर, हवेत किंवा निर्वातात, क्रम नेहमीचाच असतो. आत उलटा आणि बाहेर सुलटा, तर सीमेवर कुठेतरी तो पालटावाच लागतो, आणि फट मिटल्याशिवाय तो पालटत नाही. म्हणून पृष्ठभागावर वीज वाहू देणाऱ्या अवस्था असतातच. पृष्ठभाग खरवडा, त्यावर साधी धूळ बसू द्या, तो हवेत ठेवा. त्या अवस्था नाहीशा होत नाहीत, नव्या पृष्ठभागाखाली पुन्हा तयार होतात. सिलिकॉनच्या पृष्ठभागावरही अवस्था असतात, पण रासायनिक प्रक्रियेनं त्या घालवता येतात. इथे तशी सोय नाही.

संरक्षण आहे ते या असण्याला. वाहताना अडथळा येणारच नाही, अशी हमी त्यात कुठेही नाही. लेखात या दोन गोष्टींची गल्लत झाली आहे.

ही गल्लत का होते तेही मला कळतं. या अवस्थांमध्ये इलेक्ट्रॉनाच्या जाण्याच्या दिशेला त्याच्या स्पिनची दिशा बांधलेली असते. त्याला उलट फिरायचं असेल तर स्पिनही पूर्ण उलटा करावा लागतो, आणि चुंबकीय गुण नसलेली अशुद्धी ते करू शकत नाही. त्यामुळे तडक माघारी वळणं बंद. इथपर्यंत सगळं खरं आहे. १८० अंशांत मागे वळण्याला मनाई आहे, हे वाचून ‘अडथळाच नाही’ असं वाटणं स्वाभाविक आहे. पण स्फटिकाचा पृष्ठभाग सपाट, दोन मितींचा असतो. इलेक्ट्रॉन ९० अंशांत वळू शकतो, १२० अंशांत वळू शकतो, १७० अंशांतसुद्धा वळू शकतो. कोन जितका मोठा तितकी शक्यता कमी, एवढंच. तिरप्या वळणांनीही विजेच्या प्रवाहाला रोध होतोच. बिस्मथ सेलेनाइडच्या पृष्ठभागाला रोध आहे, मोजता येईल असा आणि चांगला हजारो ओहमचा.

मग एकच मिती उरली तर? रेषेवर जायला दोनच दिशा, पुढे आणि मागे. मागे जायला मनाई, म्हणजे अडथळा संपला पाहिजे. नेमका हाच प्रयोग जर्मनीत वुर्झबर्गला लॉरेन्स मोलेनकाम्प यांच्या गटानं केला आणि २००७ मध्ये जाहीर केला. चार्ल्स केन आणि यूजीन मेले यांनी २००५ मध्ये अशा कडांची (पातळ थराची कड म्हणजे एक रेषाच) कल्पना ग्राफीन या कार्बनच्या एका अणुथरासाठी मांडली होती. ग्राफीनमधला कार्बन हलका, त्यामुळे तिथे परिणाम फारच क्षीण. बर्नेव्हिग, ह्यूज आणि झांग यांनी २००६ मध्ये मर्क्युरी टेल्युराइडचा पातळ थर सुचवला. थराची जाडी ६.३ नॅनोमीटरच्या वर गेली की पट्टे उलटतील, असं त्यांचं गणित होतं. वुर्झबर्गच्या गटानं ५.५ नॅनोमीटरचा थर घेतला तेव्हा तो साधा दुर्वाहक निघाला. ७.३ नॅनोमीटरच्या थरात मात्र कडेनं वीज वाहिली. त्यांनी एक मायक्रॉन लांबीचे दोन नमुने केले होते, एक दुसऱ्याच्या निम्म्या रुंदीचा. दोघांचा रोध सारखाच आला. वीज थराच्या अंगातून जात असती तर रुंदी निम्मी केल्यावर रोध वाढला असता. रुंदीनं फरक पडत नाही, याचा अर्थ सगळा प्रवाह दोन कडांनीच जातो आहे. इतक्या साध्या युक्तीनं इतकी मोठी गोष्ट सिद्ध झालेली मी दुसरीकडे फारशी पाहिलेली नाही. वर्गात हा आलेख फळ्यावर काढताना मला दरवेळी तितकाच आनंद होतो.

आणि तो सारखाच आलेला रोध शून्य नव्हता. तो साधारण १२,९०६ ओहमच्या आसपास होता, सिद्धान्तानं सांगितला होता तेवढा. अडथळा नसताना रोध कुठून आला? कडेला वाट एकच असते. धातूच्या जाड तारेत इलेक्ट्रॉनांना जायला अब्जावधी वाटा असतात. त्या सगळ्यांना एका वाटेत शिरायचं तर जिथे तार जोडली त्या जोडापाशी विद्युतदाब खर्च होतो. एका वाटेची ही किंमत निसर्गानं ठरवलेली आहे. ती प्लांकचा स्थिरांक भागिले इलेक्ट्रॉनाच्या प्रभाराचा वर्ग इतकी, म्हणजे २५,८१२.८०७ ओहम. दोन कडा, दोन वाटा, म्हणून त्याच्या निम्मी. नमुना कितीही शुद्ध केला तरी हा आकडा खाली येत नाही.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येऊ. घराच्या वायरिंगमध्ये वापरतात तशी एक चौरस मिलिमीटरची तांब्याची तार एक मीटर घेतली, तर तिचा रोध सुमारे ०.०१७ ओहम भरतो. एकीकडे मीटरभर तांबं आणि ०.०१७ ओहम, दुसरीकडे मीटरचा दहा लाखावा भाग लांबीची कड, ३० मिलिकेल्विनच्या आसपासचं, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या जेमतेम वरचं तापमान, आणि १२,९०६ ओहम. कोयनेची वीज कशातून न्यायची हे वेगळं सांगायला नको. त्यातही त्याच गटाचा वीस मायक्रॉन लांबीचा नमुना घेतला तर रोध या आकड्याच्या कितीतरी वर जातो. म्हणजे मागे वळायची मनाईसुद्धा लांब अंतरावर टिकत नाही. इलेक्ट्रॉन वाटेत ऊर्जा गमावतात, इकडेतिकडे अडकतात, आणि नियमाला पळवाट सापडते. पुढे २०१८ मध्ये टंग्स्टन डायटेल्युराइडच्या एका अणुथरात हीच अवस्था १०० केल्विनपर्यंत दिसली, ही फार मोठी मजल होती. तरी तिथेही कडेची लांबी सुमारे १०० नॅनोमीटरच होती.

वाटेतला रोध खरोखर नाहीसा होतो अशी उदाहरणं आहेत, तीही सांगितली पाहिजेत. क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांना १९८० मध्ये ग्रेनोबलच्या चुंबक प्रयोगशाळेत तसं दिसलं. सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरवर प्रचंड चुंबकीय क्षेत्र लावलं की प्रवाहाच्या दिशेतला विद्युतदाबाचा उतार जवळजवळ शून्य होतो आणि आडवा, म्हणजे प्रवाहाला काटकोनात मोजलेला रोध वर दिलेल्या २५,८१२.८०७ ओहमला पूर्णांकानं भागून येणाऱ्या मूल्यांवर बसतो. त्यासाठी त्यांना १९८५ चं नोबेल मिळालं. बाहेरचं चुंबकीय क्षेत्र काढून घेतलं तरी तेच घडवता येतं, हे बीजिंगमध्ये श्वे चीकुन यांच्या गटानं २०१३ मध्ये दाखवलं. त्यासाठी टोपोलॉजिकल इन्सुलेटरच्या काही नॅनोमीटर जाडीच्या थरात क्रोमियम मिसळलं होतं. तापमान पुन्हा ३० मिलिकेल्विन. या दोन्ही ठिकाणी दोन टोकांमधला एकूण रोध मात्र शून्य होत नाही. अशा नमुन्यांचा खरा उपयोग वीज वाहून नेण्यासाठी नाही, तर ओहम हे एकक नेमकं मोजून देण्यासाठी आहे. २० मे २०१९ पासून जगाची एककं प्लांकचा स्थिरांक आणि इलेक्ट्रॉनाचा प्रभार यांच्या ठरवून दिलेल्या मूल्यांवर उभी आहेत, त्यामुळे या उपयोगाला फार मोल आहे. लेखात याचा एका ओळीतही उल्लेख नव्हता, याचं वाईट वाटलं.

लेखात आणखी एक गोष्ट राहून गेली, आणि ती माझ्या जिव्हाळ्याची आहे. हे पदार्थ आतून दुर्वाहक असतात, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. प्रयोगशाळेत वाढवलेले स्फटिक तसे नसतात. बिस्मथ आणि सेलेनियम दोनास तीन या प्रमाणात तोलायचं, क्वार्ट्झच्या नळीत घालून हवा काढून घ्यायची, नळी ज्योतीवर वितळवून बंद करायची आणि भट्टीत ठेवायची. सेलेनियम ६८५ अंश सेल्सिअसला उकळतं आणि भट्टी तर ८५० च्या घरात न्यावी लागते. तापमान घाईनं वाढवलं तर आतल्या वाफेच्या दाबानं नळी फुटते, आणि सेलेनियमचा तो उग्र वास खोलीतून जाता जात नाही. सगळं नीट झालं तर ताशी दोन-चार अंश या गतीनं थंड करायचं. नळी फोडली की करड्या रुपेरी रंगाचा गोळा हाती येतो. अभ्रकाचे पापुद्रे निघावेत तसे चिकटपट्टीनं त्याचे पापुद्रे निघतात, कारण आत सेलेनियम-बिस्मथ-सेलेनियम-बिस्मथ-सेलेनियम असे पाच अणुथरांचे, जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचे गठ्ठे एकावर एक अलगद बसलेले असतात. नुकताच सोललेला पृष्ठभाग आरशासारखा लखलखीत दिसतो.

दिसायला निर्दोष असलेल्या त्या स्फटिकात सेलेनियमच्या असंख्य जागा रिकाम्या असतात, कारण ते वाफ होऊन निसटलेलं असतं. अशी प्रत्येक रिकामी जागा दोन इलेक्ट्रॉन मोकळे सोडू शकते. परिणामी एका घन सेंटिमीटरमध्ये दहाचा अठरावा ते एकोणिसावा घात इतके इलेक्ट्रॉन स्फटिकाच्या अंगातच फिरत असतात. दशांश मिलिमीटर जाडीचा तुकडा घेतला आणि यातली मोठी संख्या धरली, तर दर चौरस सेंटिमीटरमागे अंगात दहाचा सतरावा घात इलेक्ट्रॉन होतात. पृष्ठभागावर असतात साधारण दहाचा तेरावा घात. पृष्ठभागाच्या एका इलेक्ट्रॉनामागे आतले दहा हजार. मोजायला गेलात तर गर्दीच मोजली जाते.

म्हणूनच पृष्ठ-अवस्थांचा पहिला ठोस पुरावा वीज मोजून मिळाला नाही, प्रकाश टाकून मिळाला. प्रिन्स्टनमध्ये जाहिद हसन यांच्या गटानं (हसन मूळचे ढाक्याचे) २००८ मध्ये बिस्मथ-अँटिमनीवर आणि २००९ मध्ये बिस्मथ सेलेनाइडवर प्रकाशाचा झोत टाकून बाहेर उडालेल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा आणि कोन मोजले. बिस्मथ सेलेनाइडच्या फटीत फुलीच्या आकारात एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेषा स्पष्ट दिसल्या. वीज मोजणाऱ्यांना त्याच पृष्ठभागाला वेगळं काढायला पुढे बराच काळ झगडावं लागलं. योइची आंदो यांच्या ओसाकातल्या गटानं बिस्मथ, अँटिमनी, टेल्युरियम आणि सेलेनियम अशी चार मूलद्रव्यं प्रमाणात मिसळून आतली गर्दी हटवली. त्यांच्या पातळ नमुन्यांत पृष्ठभागाचा वाटा निम्म्याहून वर गेला. भट्टीवर केलेलं हे काम बातमीत येत नाही, पण त्याच्याशिवाय पुढचं काहीच घडलं नसतं.

आमच्यासारख्या साध्या प्रयोगशाळांत जे दिसतं तेही सांगते. दोन केल्विनला, द्रवरूप हेलियमच्या थंडीत, नमुन्याला केसाहून बारीक सोन्याच्या तारा चांदीच्या लेपानं चिकटवलेल्या असतात. चुंबकीय क्षेत्र हळूहळू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेत रोध मोजायचा. पडद्यावर आलेख सरकत असतो. क्षेत्र शून्याजवळ आलं की वक्र एकदम खाली टोक काढून उतरतो आणि शून्य ओलांडताच तितक्याच तीव्रतेनं वर चढतो. एकाच वळशावर इलेक्ट्रॉन दोन उलट दिशांनी जाऊ शकतो. स्पिन गतीला बांधलेला असल्यामुळे त्या दोन वाटांच्या लहरी एकमेकींना मारतात, इलेक्ट्रॉन जिथून निघाला तिथे परत येण्याची शक्यता घटते आणि रोध किंचित कमी होतो. थोडं जरी क्षेत्र लावलं तरी हा मेळ मोडतो. पुंज (क्वांटम) भौतिकी डोळ्यांसमोर चाललेली असते. पहिल्यांदा हे पाहणारा विद्यार्थी पडद्यापासून हलत नाही.

पण तो खोलगट वक्र म्हणजे पृष्ठ-अवस्थेचा दाखला नव्हे. बिस्मथसारख्या जड अणूंच्या स्फटिकात आतले इलेक्ट्रॉनही तसाच वक्र देतात. म्हणून नमुना तिरका करून पुन्हा मोजावं लागतं, जाडी बदलून मोजावं लागतं. वरचा आणि खालचा असे दोन पृष्ठभाग असताना गणितात कितीदा एकाच पृष्ठभागाइतका परिणाम मिळतो, कारण मधली गर्दी दोघांना जोडून टाकते. हे तपासल्याशिवाय दावा करू नये, असं आम्हाला शिकवलं गेलं आणि मीही तेच शिकवते.

जगातल्या नामांकित गटांनाही ही काळजी पुरी पडत नाही. २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात चुंबकीय टोपोलॉजिकल इन्सुलेटर आणि अतिवाहक (शून्य रोधाचा पदार्थ) यांच्या जोडीत मायोराना कण (स्वतःच स्वतःचा प्रतिकण असलेला कण) वाहताना दिसल्याचा निबंध आला. जगभर मथळे झाले. पुरावा म्हणून दाखवलेली आलेखातली पायरी मायोरानाशिवायही, निव्वळ अतिवाहकाचा जोड चांगला असला तरी येते, असं २०२० मध्ये दुसऱ्या गटानं दाखवलं. मूळ निबंध २०२२ मध्ये मागे घेण्यात आला. मागे घेतल्याची बातमी किती वर्तमानपत्रांनी दिली?

हे सगळं आत्ताच लिहिण्याला कारण आहे. केंद्रानं एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी ६,००३.६५ कोटी रुपये मंजूर केले. त्याचं एक केंद्र मुंबईच्या आयआयटीत आहे, पदार्थ आणि उपकरणांचं दिल्लीच्या आयआयटीत. या विषयाच्या बातम्या आता वाढत जाणार, आणि माझ्या वर्गातली मुलं त्या वाचून पुढचं शिक्षण ठरवणार. न तापणाऱ्या मोबाइलच्या आशेवर या क्षेत्रात आलेली मुलगी पहिल्या सहा महिन्यांत निराश होईल. पट्टे का उलटतात आणि रुंदी बदलूनही रोध का बदलत नाही, या कुतूहलानं आलेली मुलगी भट्टीपाशी टिकून राहील. मला दुसरीची काळजी आहे, कारण अशा मुली साताऱ्या-सांगलीत आहेत आणि त्यांच्या घरी येतं ते आपलंच वर्तमानपत्र.

माझी विनंती दोनच गोष्टींची आहे. ज्या पानावर तो लेख आला त्याच पानावर दुरुस्ती छापावी. पृष्ठ-अवस्था अबाधित असते, रोध शून्य नसतो, आणि एक मायक्रॉनच्या आदर्श कडेलाही तो १२,९०६ ओहम असतो, एवढं त्यात आलं तरी पुरे. आणि यापुढे अशा शोधाची बातमी देताना प्रयोग कोणत्या तापमानाला झाला आणि नमुना किती लांबीचा होता, हे दोन आकडे बातमीतच द्यावेत. संशोधकांच्या मूळ निबंधात ते असतातच. वर्गासाठी मी काढलेली नमुन्यांची आकृती सोबत जोडली आहे. दुरुस्तीबरोबर ती वापरायची असल्यास माझी काहीच हरकत नाही, माझं नाव घालण्याचीही गरज नाही.

आपली,
भौतिकशास्त्राची एक प्राध्यापिका,
कराड